जीवनसत्त्व, पण कोणाच्या जीवनाचं?

'जीवनसत्त्व' हा शब्द ज्याने कोणी घडवला, त्याने काम चोख केलं. ऐकताक्षणी मनात विश्वास बसतो. जीवनाचं सत्त्व आहे, ते कमी पडू नये, आणि थोडं जास्त झालं तर बिघडलं काय? कर्करोगाचं निदान झालेल्या घरात हा विश्वास आणखी घट्ट होतो. शस्त्रक्रिया सर्जनच्या हाती, औषधं डॉक्टरांच्या हाती. घरच्यांच्या हाती उरतं ते खाणंपिणं आणि गोळ्यांची एखादी बाटली. ती बाटली आणून देण्यामागची माया खरी असते आणि तिला कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. पण त्या शब्दाला एक प्रश्न आधी विचारायला हवा. सत्त्व खरं, पण कोणाच्या जीवनाचं? गाठीतली पेशीसुद्धा जिवंतच असते.

१९५५ साली हॅरी ईगल या अमेरिकन शास्त्रज्ञाने हा प्रश्न काचेच्या भांड्यात घातला. त्याच्याकडे दोन प्रकारच्या पेशी होत्या: उंदराच्या संयोजी ऊतीतल्या, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून आलेल्या 'हेला' पेशी. पेशी ज्या द्रवात वाढतात त्यातून त्याने एका वेळी एकच घटक वगळला आणि काय होतं ते पाहिलं. कोलिन, फॉलिक ॲसिड, निकोटिनामाइड, पँटोथेनिक ॲसिड, पायरिडॉक्सल, रायबोफ्लेविन आणि थायमिन या सातांपैकी एक जरी काढलं, तरी पेशींची वाढ थांबायची, त्या झिजायच्या आणि मरायच्या. वेळेत तेवढाच घटक परत घातला की त्या सावरायच्या. कर्करोगाच्या पेशीला जीवनसत्त्वांची भूक असते, याचा याहून स्वच्छ पुरावा मागायला नको.

यावरून कोणी म्हणेल, मग जीवनसत्त्वं बंदच करा, गाठ उपाशी मरेल. तेही जमत नाही. तीच सात द्रव्यं आतड्याच्या अस्तराला लागतात आणि अस्थिमज्जेलाही लागतात. रुग्णाचा आहार तोडून गाठीची उपासमार करायला गेलं तर आधी रुग्ण खंगतो. गाठ शरीराच्या साठ्यातून आपला वाटा ओढतच राहते. म्हणून 'चांगलं की वाईट' या वाटेने गेलं की काहीच हाती लागत नाही. कोणतं द्रव्य, नेमक्या कोणत्या रूपात, किती, कधी आणि कोणत्या पेशीला, एवढं विचारलं की मात्र उत्तरं मिळतात. ही गोष्ट फॉलिक ॲसिडाइतकी दुसऱ्या कोणी शिकवलेली नाही, म्हणून त्याच्यापाशी जरा जास्त थांबतो.

लुसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर १९२८ साली मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक जीवघेणा ॲनिमिया व्हायचा, त्यात तांबड्या पेशी आकाराने मोठ्या आणि संख्येने थोड्या असायच्या. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे तिने दाखवलं. त्या अर्कातलं कामाचं द्रव्य कोणतं हे ठरायला आणखी दहा वर्षं गेली. १९४१ मध्ये ४ टन पालकातून ते चिमूटभर वेगळं काढलं गेलं, आणि पानाला लॅटिनमध्ये 'फोलियम' म्हणतात म्हणून त्याचं नाव फॉलिक ॲसिड पडलं.

मोठ्या आकाराच्या तांबड्या पेशी हीच यातली खूण आहे. पेशीला दुभंगायचं असतं, पण डीएनए पुरा होत नाही, म्हणून ती नुसती फुगत राहते. डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक आहे थायमिडीन. ते घडवताना एक कार्बनचा अणू जोडावा लागतो आणि तो अणू आणून देण्याचं काम फोलेट करतं. कार्बन देऊन झाल्यावर फोलेट रिकाम्या, निरुपयोगी रूपात उरतं. डीएचएफआर नावाचं विकर त्याला पुन्हा कामाजोगं करतं. हे चक्र जितकं वेगाने फिरेल तितका डीएनए तयार होईल. जी पेशी सारखी दुभंगत असते तिची या चक्राची गरज सर्वांत मोठी.

चाळिशीच्या दशकात उंदरांवरच्या काही प्रयोगांतून असं पुढे आलं होतं, की फॉलिक ॲसिडच्या जातीच्या द्रव्याने गाठी विरघळतात. बॉस्टनमधले बालरोगविकृतिशास्त्रज्ञ सिडनी फार्बर यांनी त्या आशेवर ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना फॉलिक ॲसिडची संयुगं दिली. रोग उलट भडकल्यासारखा दिसला. अस्थिमज्जेत कर्करोगाच्या पेशींची गर्दी वाढली होती. फार्बर यांचं मोठेपण पुढच्या विचारात आहे. हे द्रव्य घातल्याने रोग धावत असेल, तर त्याची वाट अडवल्यावर तो थांबायला हवा.

वाट अडवणारं द्रव्य अमेरिकेतल्या लेडर्ली या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतून आलं. तिथे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या बनवलं होतं आणि त्याच्यासारखीच दिसणारी, पण काम न करणारी द्रव्यंही घडवली होती. त्यांतलं एक ॲमिनॉप्टेरिन. ते विकरात जाऊन बसतं आणि उठत नाही. चुकीची किल्ली कुलपात अडकावी तसं. फार्बर यांनी जून १९४८ मध्ये १६ मुलांचे निकाल प्रसिद्ध केले. त्यांपैकी १० मुलांमध्ये रोग मागे हटला. तो काही महिन्यांत परतला, सगळ्यांमध्ये परतला, तरी औषधाने ल्युकेमिया हटू शकतो हे त्याआधी कोणी इतक्या ठामपणे पाहिलेलं नव्हतं. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. आधुनिक केमोथेरपीचा एक मूळ झरा जीवनसत्त्व अडवण्यातून निघाला, ही गोष्ट 'जीवनसत्त्वांनी कॅन्सर हरवा' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला सांगावीशी वाटते.

इथून पुढे बारकावे आहेत आणि ते जिवावर बेततात. मेथोट्रेक्सेट मोठ्या मात्रेत दिलं की निरोगी पेशीही अडकतात. त्यांना सोडवायला साधारण २४ तासांनी फॉलिनिक ॲसिड सुरू करतात. ल्युकोव्होरिन ते हेच. फॉलिक आणि फॉलिनिक. उच्चारात एका अक्षराचा फरक, परिणामात आकाशपाताळाचा. फॉलिनिक ॲसिड आधीच कामाजोग्या रूपात असतं, त्याला अडवलेल्या विकरातून जावं लागत नाही. फॉलिक ॲसिडला जावंच लागतं, म्हणून ते या वेळी कामाचं नाही. एकाच्या जागी दुसरं दिलं गेलं तर सुटका होत नाही आणि तोंड, आतडं, मज्जा, मूत्रपिंड यांचं नुकसान होत राहतं. फॉलिनिक ॲसिड फार लवकर दिलं तर गाठही सुटते, फार उशिरा दिलं तर रुग्ण अडकतो. म्हणून रक्तातली मेथोट्रेक्सेटची पातळी २४, ४८, ७२ तासांनी मोजतात, भरपूर सलाइन चालू ठेवतात आणि लघवी आम्लधर्मी होऊ देत नाहीत, कारण आम्लात हे औषध मूत्रपिंडात खड्यांसारखं साचतं. याच काळात घेतलेली एखादी साधी वेदनाशामक गोळी किंवा ॲसिडिटीची गोळी औषध बाहेर पडणं लांबवू शकते.

आता तेच फॉलिनिक ॲसिड दुसऱ्या औषधाबरोबर पाहा. आतड्याच्या कर्करोगात फ्ल्युओरोयुरॅसिल देतात. ते थायमिडीन घडवणाऱ्या विकराला जखडतं, पण एकट्याने ती पकड सैल राहते. सोबत फोलेटचं कामाचं रूप असेल तर तिघांची गाठ पक्की बसते. म्हणजे मेथोट्रेक्सेटनंतर जे द्रव्य पेशीला सोडवतं, तेच फ्ल्युओरोयुरॅसिलबरोबर फास आवळतं. डॉक्टर हा फास मोजून आवळतात. रुग्ण कॅपेसिटाबिन घेत असेल (ते पोटात गेल्यावर फ्ल्युओरोयुरॅसिलच होतं) आणि 'रक्तवाढीसाठी' म्हणून घरून फॉलिक ॲसिडची गोळी सुरू केली, तर फास न मोजता आवळला जातो. जुलाब लागतात, तोंड येतं, तळहात-तळपाय सोलवटतात. दोष औषधाच्या माथी मारला जातो आणि गोळीचा विषय कोणाच्या तोंडी येत नाही.

तिसरं रूप पेमेट्रेक्सेडचं. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत वापरलं जाणारं हे औषधही फोलेटच्या वाटा अडवतं. सुरुवातीच्या चाचण्यांत काही रुग्णांना भयंकर त्रास झाला, काही दगावले. शोध घेतल्यावर दिसलं की ज्यांच्या रक्तात होमोसिस्टीन जास्त होतं, म्हणजे ज्यांच्याकडे फोलेट किंवा बी-१२ चा साठा मुळातच तोकडा होता, त्यांनाच फटका बसत होता. तेव्हापासून इथे जीवनसत्त्व देणं सक्तीचं आहे: पहिल्या डोसच्या ७ दिवस आधीपासून रोज ४०० ते १,००० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, ते शेवटच्या डोसनंतर २१ दिवसांपर्यंत, आणि बी-१२ चं १,००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन आधीच्या आठवड्यात एकदा, मग दर ९ आठवड्यांनी. यात रोजच्या गोळीचा कंटाळा केला तर पांढऱ्या पेशी कोसळतात. आणि संधिवातासाठी आठवड्यातून एकदा छोट्या मात्रेत मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांना फॉलिक ॲसिड लिहून देतात, ते योग्यच आहे. पण असं औषध घेणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याचा सल्ला कर्करोगाच्या रुग्णाला लागू होत नाही.

बी-१२ इंजेक्शनने का, आणि सोबतच का? फोलेटचा एक साठा मिथाइल रूपात अडकून असतो आणि त्याला मोकळं करायला बी-१२ लागतं. बी-१२ नसेल तर घरात पैसे असूनही तिजोरीची किल्ली हरवल्यासारखं होतं. नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारलेलं दिसतं, पण बी-१२ अभावी नसांची हानी आतल्या आत चालूच राहते.

ज्याला कर्करोग झालेला नाही, फक्त आतड्यात पूर्वी ॲडिनोमा म्हणजे सौम्य गाठी सापडल्या होत्या, अशा लोकांचं काय? १,०२१ जणांच्या एका चाचणीत रोज १ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड किंवा नकली गोळी दिली गेली. २००७ मध्ये निकाल आला. नव्या गाठी कमी झाल्या नाहीतच. पुढच्या टप्प्यात तीन किंवा अधिक गाठी होण्याचं प्रमाण फॉलिक ॲसिडच्या गटात जास्त निघालं. याचा अर्थ लावताना वेळेचा विचार करावा लागतो. फोलेट कमी असेल तर डीएनएत चुका होतात, म्हणजे गाठीची सुरुवात होण्याआधी पुरेसं फोलेट राखणदार असतं. सुरुवात होऊन गेली असेल तर तेच बांधकामाचा माल पुरवतं. मला हे स्पष्टीकरण पटतं, कारण फार्बर यांनी पाहिलेल्या गोष्टीशी ते जुळतं.

अ जीवनसत्त्वाची कथा वेगळ्या घाटाची आहे. तिथे जीवनसत्त्व पेशीला पोसत नाही आणि मारतही नाही, मोठं करतं.

ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात रक्तपेशी बालवयात अडकतात. १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन एक जोडप्रथिन तयार होतं. त्याचा अर्धा भाग रेटिनॉइक ॲसिड ओळखणारा असतो. रेटिनॉइक ॲसिड हे अ जीवनसत्त्वापासून शरीरात बनणारं द्रव्य, आणि पेशीला 'आता प्रौढ हो' हा निरोप तेच देतं. जोडप्रथिन त्या निरोपाच्या वाटेत ठाण मांडून बसतं. शरीरातल्या नेहमीच्या पातळीला ते हलत नाही. औषध म्हणून पातळी कितीतरी पट वाढवली की पकड सुटते, प्रथिन स्वतःच मोडलं जातं आणि अडकलेली पेशी न्यूट्रोफिल म्हणजे प्रौढ पांढरी पेशी होऊन, आपलं थोडं आयुष्य जगून, मरते. शांघायमध्ये वांग झेन-यी यांनी १९८५ मध्ये एका लहान मुलीवर हा उपचार प्रथम केला. १९८८ मध्ये त्यांच्या गटाने २४ रुग्णांचे निकाल छापले. त्या सर्वांमध्ये रोग पूर्ण मागे हटला होता, आणि त्यांतल्या २३ जणांना याखेरीज दुसरं काही द्यावं लागलं नव्हतं. पुढे त्याला आर्सेनिक ट्रायऑक्साइडची जोड मिळाली आणि एके काळी दिवसांत माणूस नेणारा हा ल्युकेमिया आज सर्वांत बरा होणाऱ्या ल्युकेमियांपैकी एक झाला आहे.

नेहमीची मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ४५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा विभागून. संशय आला की जनुकीय तपासणीची वाट न पाहता पहिली गोळी देतात, कारण या आजारात रक्त गोठण्याची व्यवस्था कोसळते आणि मेंदूतल्या रक्तस्रावाने पहिल्या काही दिवसांतच माणूस जातो. पेशी प्रौढ होण्यातही धोका आहे. एकाच वेळी हजारो कोटी पेशी जाग्या झाल्या की त्या फुप्फुसांत शिरतात: ताप, धाप, अचानक वाढलेलं वजन, छातीत पाणी. याला डिफरन्सिएशन सिंड्रोम म्हणतात. पहिल्या लक्षणालाच डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू करतात. म्हणून या रुग्णाचं रोज वजन करणं हा उपचाराचाच भाग असतो. आणि हे दुकानात मिळणाऱ्या अ जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलने होत नाही. ती कितीही घेतली तरी शरीर त्यातून मोजकंच रेटिनॉइक ॲसिड बनवतं. उरलेलं यकृतात साचून यकृतच बिघडवतं. गर्भावर तर दोन्हींचा परिणाम घातक.

ज्या पेशीत ते जोडप्रथिन नाही, तिच्यावर हा चमत्कार होत नाही. हे लक्षात न घेता अ जीवनसत्त्वाच्या आधीच्या रूपाकडून, म्हणजे बीटा-कॅरोटीनकडून, फार मोठी आशा धरली गेली. फळं-भाज्या जास्त खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी, त्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त; मग ते गोळीतून का देऊ नये? फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना ५ ते ८ वर्षं रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, ५० मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व, दोन्ही किंवा नकली गोळी दिली. १९९४ मध्ये निकाल उघडला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. अमेरिकेतल्या १८,३१४ धूम्रपानी आणि ॲस्बेस्टॉसशी संबंध आलेल्या लोकांच्या चाचणीत ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीनबरोबर २५,००० युनिट अ जीवनसत्त्व होतं. ती जानेवारी १९९६ मध्ये ठरल्यापेक्षा २१ महिने आधी थांबवावी लागली. फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्के जास्त, मृत्यू १७ टक्के जास्त.

याच्या शेजारी चीनमधल्या लिनशियानची चाचणी ठेवली की चित्र पुरं होतं. तिथे २९,५८४ लोक होते, अन्नात जीवनसत्त्वांची जुनी उणीव होती आणि अन्ननलिका व जठराच्या कर्करोगाचं प्रमाण जगात अत्यंत जास्त होतं. रोज १५ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, ३० मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व आणि ५० मायक्रोग्रॅम सेलेनियम मिळालेल्या गटात कर्करोगाने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी घटले, जठराच्या कर्करोगाचे २१ टक्क्यांनी. जवळजवळ तीच द्रव्यं. फिनलंडमधले पुरुष भरल्या पोटी होते आणि त्यांच्या फुप्फुसांत धूर होता. लिनशियानच्या लोकांचं भांडं रिकामं होतं. रिकामं भांडं भरणं आणि भरलेल्या भांड्यात ओतत राहणं ही दोन निराळी कामं आहेत.

धुराने भरलेल्या फुप्फुसात बीटा-कॅरोटीन स्वतःच मोडतं आणि त्याचे तुकडे उपद्रव करतात, हे एक कारण सांगितलं जातं. दुसरं कारण ॲन्टिऑक्सिडंट या शब्दाच्या मुळाशी जातं. कर्करोगाची पेशी घाईत जगते, त्यामुळे तिच्या आत ऑक्सिजनचे उग्र कण जास्त असतात आणि ती सतत त्यांच्या काठावर उभी असते. बाहेरून ॲन्टिऑक्सिडंट, म्हणजे हे कण शमवणारं द्रव्य, दिलं की काठावरचा ताण हलका होतो, आणि तो गाठीचाच हलका होतो. २०१४ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी उंदरांच्या फुप्फुसांतल्या गाठींना ई जीवनसत्त्व आणि एन-ॲसिटिलसिस्टीन दिलं. गाठी वेगाने वाढल्या, कारण ताण कमी झाल्याने पी-५३ हा पहारेकरी प्रथिन गप्प बसला. २०१९ मध्ये आणखी एक धागा सापडला: ताण कमी झाला की पेशीतलं मोकळं हीम (लोह असलेलं एक द्रव्य) कमी होतं, त्यामुळे बॅक-१ नावाचं प्रथिन टिकून राहतं आणि तेच पेशीला दूर पसरायला मदत करतं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. पण माणसांवरची चाचणीही आहे. ३५,५३३ पुरुषांच्या चाचणीत रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत, २०११ च्या आकड्यांनुसार, प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के जास्त आढळला. रेडिएशन आणि काही केमो औषधं याच उग्र कणांच्या बळावर पेशी मारतात. त्यांच्या काळात ॲन्टिऑक्सिडंटची मोठी मात्रा घेणं म्हणजे शत्रूला ढाल पुरवणं.

सरसकट भीतीही बरी नाही. अमेरिकेतल्या १४,६४१ पुरुष डॉक्टरांना वर्षानुवर्षं साधी मल्टिव्हिटॅमिन दिली तेव्हा कर्करोग ८ टक्क्यांनी कमी निघाला होता. नंतर २१,४४२ स्त्री-पुरुषांच्या चाचणीत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. रोजच्या गरजेएवढी एक गोळी ना तारते, ना बुडवते.

क जीवनसत्त्वाबद्दल इतका गोंधळ का होतो, हे समजायला त्याचं पोटातून आणि शिरेतून जाणं वेगळं करावं लागतं. आतड्यातला वाहक मोजकंच आत घेतो. रोज २०० मिलिग्रॅम खाल्लं की रक्तातली पातळी ७० मायक्रोमोलरच्या आसपास जाते आणि तिथेच अडते. दर चार तासांनी ३ ग्रॅम गिळलं तरी ती २२० च्या पुढे जात नाही, बाकी सारं लघवीतून वाहून जातं. शिरेतून ५० ग्रॅम दिलं तर तीच पातळी १३,००० च्या घरात पोचते. हे दोन वेगळे पदार्थच समजावेत. इतक्या दाट पातळीला क जीवनसत्त्व उलटा गुण दाखवतं: धातूच्या अणूंच्या मदतीने हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं, आणि ते पेशीला जाळतं.

१९७६ मध्ये स्कॉटिश सर्जन यूअन कॅमेरॉन आणि नोबेलविजेते रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी क जीवनसत्त्व दिलेल्या १०० अखेरच्या अवस्थेतल्या रुग्णांची तुलना जुन्या नोंदींतल्या १,००० रुग्णांशी केली आणि आयुष्य चौपटीहून वाढल्याचं सांगितलं. यात दोन खोट होत्या. तुलना एकाच वेळच्या, चिठ्ठ्या टाकून वाटलेल्या गटांची नव्हती. आणि 'अखेरची अवस्था' केव्हा म्हणायची हे दोन्हीकडे सारखं नव्हतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९७९ आणि १९८५ मध्ये रोज १० ग्रॅम तोंडाने देऊन चाचण्या केल्या, फायदा शून्य. पण कॅमेरॉन सुरुवात शिरेतून करायचे, म्हणून ती तुलनाही पुरी नव्हती. शिरेतून मोठ्या मात्रेची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी चीनमध्ये झाली: पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगाचे ४४२ रुग्ण, केमोबरोबर शरीराच्या दर किलोला दीड ग्रॅम, सलग तीन दिवस. २०२२ मध्ये निकाल आला. रोग वाढायला लागणारा काळ लांबला नाही. शिवाय हे सलाइन निरुपद्रवी नाही. जी-६-पीडी विकर कमी असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात, म्हणून ती तपासणी आधी हवी. मूत्रपिंड कमजोर असेल तर ऑक्झलेटचे खडे साचतात. आणि बोटाला टोचून साखर मोजायचं यंत्र त्यानंतर खोटी वाढलेली साखर दाखवू शकतं; त्या आकड्यावर इन्सुलिन दिलं तर रुग्णाची साखर धोकादायकरीत्या खाली जाते.

'प्रयोगशाळेत अमुक जीवनसत्त्वाने कर्करोगाच्या पेशी मेल्या' अशी बातमी वाचताना त्या भांड्यात काय चाललं असतं ते माहीत असावं. ९६ खळग्यांच्या ताटलीत दर खळग्यात काही हजार पेशी पेरतात, दुसऱ्या दिवशी जीवनसत्त्व घालतात, ४८ ते ७२ तासांनी एमटीटी नावाचा पिवळा रंग टाकतात. जिवंत पेशी त्याला जांभळा करतात; जांभळेपणा ५७० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजला की किती पेशी जगल्या ते कळतं. गंमत अशी की क जीवनसत्त्व स्वतःच, पेशीशिवायही, पिवळ्याचा जांभळा करतं. पेशी धुऊन न घेता रंग टाकला तर मेलेल्या पेशीही जिवंत मोजल्या जातात. उलट बाजूने, द्रवातल्या लोहामुळे क जीवनसत्त्व भांड्यातच पेरॉक्साइड बनवतं. पेशी मरतात त्या जीवनसत्त्वाने नव्हे, द्रवात झालेल्या रसायनाने. यावर उपाय साधा आहे: एका खळग्यात पेरॉक्साइड मोडणारं कॅटालेज घालायचं. तिथे पेशी वाचल्या, तर खरा मारेकरी कोण ते उघड होतं.

अ जीवनसत्त्वाच्या प्रयोगात वेगळा सापळा असतो. ते पाण्यात विरघळत नाही म्हणून डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवतात, आणि उजेडात नासतं म्हणून मंद प्रकाशात हाताळतात. एचएल-६० या ल्युकेमियाच्या पेशी १ मायक्रोमोलर रेटिनॉइक ॲसिडने चार-पाच दिवसांत प्रौढ होतात. पण सव्वा टक्के डीएमएसओनेही त्या प्रौढ होतात! विरघळवणाऱ्याचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या आत ठेवलं नाही आणि फक्त डीएमएसओचा खळगा सोबत ठेवला नाही, तर श्रेय चुकीच्या द्रव्याला जातं. फोलेटचं तर आणखीच. पेशींच्या नेहमीच्या द्रवात, आरपीएमआय-१६४० मध्ये, लिटरला १ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. माणसाच्या रक्तात असतं त्याच्या कित्येक पट. मेजवानीत बसवलेल्या पेशीला आणखी एक घास दिल्याने काय होतं, यावरून उपाशी पेशीबद्दल काही कळत नाही.

ड जीवनसत्त्वाबद्दल थोडक्यात. त्याचं कामाचं रूप, कॅल्सिट्रिऑल, भांड्यात अनेक पेशींचं दुभंगणं थांबवतं. एचएल-६० पेशींना ते मोनोसाइट या पांढऱ्या पेशीच्या वाटेला लावतं. शरीरात तेवढी पातळी गाठायला गेलं की आधी रक्तातलं कॅल्शियम चढतं, आणि अनेक गाठी कॅल्सिट्रिऑल मोडणारं विकर जास्त बनवून त्याला दारातच अडवतात. २५,८७१ लोकांना रोज २,००० युनिट किंवा नकली गोळी देऊन सरासरी ५.३ वर्षं पाहिलं, तर कर्करोग होण्याचं प्रमाण सारखंच राहिलं. कमतरता असेल तर हाडांसाठी ती भरून काढावीच. युनिटांचा हिशेब मात्र लक्षात ठेवावा: ४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम. ६०,००० युनिटची गोळी आठवड्याला एक, असं लिहिलेलं असताना ती रोज घेतली गेली तर कॅल्शियम चढून उलट्या, बद्धकोष्ठ, गोंधळलेपण आणि मूत्रपिंडाची इजा होते. कर्करोगाच्या रुग्णात ही लक्षणं आजाराची समजून सोडून दिली जातात.

तपासणीला जाताना बाटल्या सोबत न्याव्यात, नुसती नावं सांगू नयेत. 'बी-कॉम्प्लेक्स घेतो' यातून फॉलिक ॲसिड किती हे कळत नाही; मात्रा लेबलावर, मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत असते. मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅम यांत हजारपटीचा फरक आहे, तो वाचताना बोट ठेवून वाचावा. बोर्टेझोमिब हे कर्करोगाचं औषध चालू असेल तर क जीवनसत्त्वाची गोळी वेगळी विचारावी; प्रयोगशाळेत आणि उंदरांत ते या औषधाला निकामी करताना दिसलं आहे. रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन चालू असेल तर के जीवनसत्त्व.

आणि बायोटिन. शरीराला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरतं. केस-त्वचा-नखांच्या गोळ्यांत ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम असतं. केमोने गेलेले केस परत यावेत म्हणून या गोळ्या हमखास सुरू होतात. गाठीवर त्याचा परिणाम होतो म्हणून हे सांगत नाही. रक्ताच्या अनेक चाचण्यांत बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन यांची जोडी गोंदासारखी वापरलेली असते, आणि रक्तातलं जादा बायोटिन तो गोंद आधीच व्यापून टाकतं. मग पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगात पाहतात ते प्रथिन, खरं असतं त्याहून कमी दिसतं, थायरॉइडच्या कर्करोगानंतर पाहतात ते थायरोग्लोब्युलिनही कमी दिसतं. परतलेला रोग कागदावर उमटत नाही. रक्त देण्याआधी किमान ७२ तास ही गोळी बंद ठेवावी, आणि ती शेवटची कधी घेतली ते चाचणीच्या चिठ्ठीवर तारखेसह लिहून द्यावं.